हात मागे, तोंड बंद

कम्युनिटी कॉलेजात मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकवणारा एक वर्ग होता, आणि त्या वर्गात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. बाई दारातून आत यायच्या आधी आवाज आत यायचा, आणि ती घरी गेल्यावरही तो खोलीत थोडा वेळ रेंगाळतो, असं तिच्या शेजारी बसणारी झिपरी म्हणायची. ही झिपरी म्हणजे डोळ्यांवर केस सोडून बसणारी विशीतली पोर. रेडिओला ती 'मावशी' म्हणायची, आणि मावशीचा कोडमधला कंस बंद करायचा राहिला की मान न वळवता बोटाने दाखवायची.

रेडिओ सकाळी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले सगळे धुऊन, वाळवून, घडी करून द्यायचे आणि दुपारी तोंडावरची वाफ पुसत थेट कॉलेज गाठायचं. या वयात हे काय खूळ, असं विचारणारे पुष्कळ होते. शाळा अर्धवट सुटलेली, आणि पुढे जिथे जिथे नोकरी केली तिथे दुसऱ्याने बनवलेल्या यंत्रांची बटणं दाबण्यात आयुष्य गेलेलं. एकदा तरी बटण आपण बनवायचं आणि दुसऱ्याने दाबायचं, एवढीच तिची हौस. पण हौसेचा आता हट्ट झाला होता, कारण बाई एकदा नापास झाली होती.

आणि नापास झाली तीही बोलण्यापायी. सर वयाने तिच्या धाकट्या भावाएवढे, पण नियमाला पक्के. शेवटच्या परीक्षेत त्यांची एकच पद्धत होती. अ‍ॅप ज्याच्यासाठी बनवलं त्या माणसाला आणायचं, त्याच्या हातात मोबाइल द्यायचा, आणि बनवणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. हात मागे, तोंड बंद. वापरणारा अडला तरी बोलायचं नाही, चुकला तरी बोलायचं नाही.

"अ‍ॅप विकलं की तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावणार आहात का?" सर म्हणायचे. "बनवणारा बोलला, की अ‍ॅप नापास."

पहिल्या खेपेला रेडिओने लाँड्रीतल्या बायकांना पाळ्यांची अदलाबदल करता यावी म्हणून अ‍ॅप बनवलं होतं. चांगलं बनवलं होतं. लाँड्रीत तिच्यासोबत घड्या घालणारी जोडीदारीण येऊन बसली, बटण शोधायला लागली, आणि रेडिओला काही ते बघवेना. "अगं वर! वर! डोळे कुठे आहेत तुझे?" सगळा वर्ग हसला. सरांनी मात्र पेन उचललं. कॉलेज दोनदाच परीक्षेला बसू द्यायचं. ही खेप गेली तर गाशा गुंडाळून पुन्हा चादरींच्या घड्या.

या वेळचं अ‍ॅप तिने सासूबाईंसाठी बनवायचं ठरवलं. सासूबाईंना झटका आला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, अगदी टीव्हीवरचा माणूस खोटं बोलतोय हेसुद्धा, पण बोलायला गेल्या की तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, 'बरं'. भूक लागली तरी 'बरं', नको असलं तरी 'बरं', आणि संतापल्या की 'बरं! बरं! बरं!' जिच्या जिभेला आख्खी गल्ली टरकून असायची, त्या बाईच्या वाट्याला देवाने नेमका हा शब्द ठेवावा, याला काय म्हणावं?

मग त्यांच्या वतीने सून बोलायला लागली. "आईंना चहा हवाय." "आईंना आता पडायचंय." "आईंना तो पाहुणा आवडला नाही." निम्म्या वेळा ती चुकायची. चहा पुढे आला की सासूबाई खिडकीकडे तोंड फिरवायच्या, सून म्हणायची, "रुसल्या," आणि तोही चहा स्वतःच पिऊन टाकायची.

अ‍ॅप साधं होतं. स्क्रीनवर मोठमोठी चित्रं, चित्र दाबलं की आवाज. विकतची चित्रं तिने घेतली नाहीत. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. सासूबाईंचा कान तुटलेला कप, त्यांचा चष्मा, त्यांची खुर्ची, न्हाणीघराचं दार. सगळं डाव्या बाजूला, कारण चालता हात तो. आणि प्रत्येक चित्रामागे आपल्या खणखणीत आवाजात एकेक वाक्य भरलं: "मला पाणी हवं आहे." "मला चष्मा द्या."

तिने मोठ्या उत्साहाने मोबाइल सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कप दाबला. सुनेचा आवाज आला, "मला चहा हवा आहे." सासूबाईंनी मोबाइल पालथा घातला आणि त्यावर उशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी रेडिओने आपला आवाज काढून मोबाइलमधला यांत्रिक बाईचा आवाज घातला. तो ऐकून सासूबाईंनी उशीसुद्धा शोधली नाही, मोबाइल सरळ खाली सोडून दिला.

तिचा नवरा हे सगळं पेपराआडून बघत होता. हा माणूस मुळातच घुम्या. दिवसाला मोजकं बोलणार, तेही मीठ दे, दार लाव, एवढंच. पण त्या दिवशी पेपर खाली आला.

"तुझा आवाज ती लग्नापासून ऐकतेय," तो म्हणाला. "आता स्वतः बोलायचं म्हटलं तरी तुझ्याच आवाजात बोलायचं का तिने?"

"मग त्यांचा आवाज आणू कुठून? बाजारात मिळतो?"

पेपर पुन्हा वर गेला. रेडिओला राग आला, आणि नवऱ्याचं म्हणणं खरं आहे हे कळल्यामुळे जास्तच आला. कॉलेजात तिने झिपरीला सांगितलं, तर झिपरी म्हणाली, "मावशी, माझ्या आजीला घेऊन जा परीक्षेला. ती काय सांगाल ते दाबेल. पास व्हाल."

"आणि ज्यांच्यासाठी केलंय त्यांनी उशीखाली घातलं तर त्या पास होण्याचं काय लोणचं घालू?" रेडिओ म्हणाली. "आणीन तर त्यांनाच आणीन."

बोलून तर बसली. पण पुढे काय करायचं ते तिला सुचेना. परीक्षा तोंडावर आली होती.

सुचलं ते लाँड्रीत. तिथे चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि पुढे होत होत एकमेकींच्या हातात टोकं द्यायची. जोडीदारीण पुढे आली, टोकं हातात देता देता म्हणाली, "रेडिओ, तुझ्या सासूचे ते मेसेज ऐकव ना. किती दिवसांत हसलो नाही."

सासूबाईंना टाइप करायचा कंटाळा. त्यामुळे झटका येण्याआधी सून कामावर गेली की घरून व्हॉइस मेसेज सुटायचे, तोफखान्यातून गोळे सुटावेत तसे. गॅस चालू ठेवलास, नळ ठिबकतोय, माझा चष्मा कुठे ठेवलास, तुझ्या नवऱ्याने ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला. रेडिओ ते मेसेज दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायची आणि बायका पोट धरून हसायच्या. मनातून तिला ते लागायचंही. पण हसल्यावर लागलेलं कमी दुखतं, म्हणून ती ऐकवायची.

तिने मोबाइल काढला आणि हाताला लागला तो मेसेज लावला. "चहा ठेव आता, किती वाट बघायची माणसाने?" टणक, भरभक्कम आवाज, शेवटचा शब्द ताणलेला. जोडीदारीण हसली आणि मधेच थांबली. रेडिओच्या हातातली चादर खाली गेली होती.

"अगं, धुतलेली आहे ती!"

"धुऊ पुन्हा," रेडिओ म्हणाली. आपल्याला रडू येतंय हे कळल्यावर तिने नाक जोरात ओढलं आणि बाकीचे मेसेज आहेत ना ते बघायला लागली. सगळे होते. पुसायचा आळस आयुष्यात पहिल्यांदा कामी आला होता.

काम सोपं नव्हतं. आधी ती शब्द कापायला बसली. 'पाणी' हवं होतं, तर सासूबाई कुठे एकटं 'पाणी' म्हणाल्या होत्या? "पाणी सांडून ठेवलंय सगळीकडे" असं म्हणाल्या होत्या, तेही एका दमात. कापलं की 'पाणीस्सां' असं काहीतरी निघायचं, बुडत्या माणसाच्या तोंडून निघावं तसं. पुढे कापलं तर 'णी' अर्धा जायचा. दुपारभर बसून तिच्या हाती आलं ते खाटकाच्या दुकानातल्यासारखं तुकड्यांचं ताट. शेवटी ती सरांकडे गेली.

सरांनी दोन-तीन तुकडे ऐकले, मग कापण्याआधीचे मेसेज ऐकले. गालातल्या गालात हसले.

"ताई, कापताय कशाला? त्या अशाच बोलायच्या ना?"

"अशाच बोलायच्या. जीव खायच्या नुसता."

"मग वाक्यं आख्खीच ठेवा."

तिने आख्खी ठेवली. कपामागे "चहा ठेव आता, किती वाट बघायची माणसाने?" चष्म्यामागे "माझा चष्मा कुठे ठेवलास?" आडव्या हाताच्या चित्रामागे "नको म्हटलं ना एकदा! कळत नाही का?" सुनेच्या स्वतःच्या फोटोमागे "अगं, कुठे आहेस तू?" आणि नवऱ्याच्या घुमेपणावर उतारा म्हणून एका उघड्या तोंडाच्या चित्रामागे एक जुना मेसेज, सुनेने फोन उचलला नाही म्हणून पाठवलेला: "बोल की आता! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

कौतुकासाठीही एक चित्र करावं म्हणून तिने सगळे मेसेज पुन्हा ऐकले. छान झालंय, बरं केलंस, दमलीस का, असलं काहीही चाललं असतं. एक नाही. एवढ्या वर्षांत एक गोड शब्द नाही! ती फुरफुरत उठली, दोन भांडी आपटली, आणि ती जागा रिकामी ठेवून कामाला लागली.

मोबाइल पुन्हा सासूबाईंच्या मांडीवर गेला. त्यांनी संशयाने कप दाबला. खोलीत त्यांचा स्वतःचा आवाज घुमला. त्यांनी मोबाइलकडे निरखून बघितलं. मग पुन्हा दाबलं. डोळे भरायला त्या काही रडणाऱ्यांतल्या नव्हेत, पण बोट काही कपावरून हटेना. पुन्हा दाबलं. दुपारभर घरात "चहा ठेव आता" चा गजर चालला होता आणि सून खरोखर दर वेळी चहा ठेवत होती. शेवटी नवरा म्हणाला, "पुरे, घरातली चहापूड संपली."

एक खोट मात्र निघाली. सासूबाई बटणाला टिचकी मारत नसत. दारावरची घंटा वाजवावी तसं बोट दाबून धरून ठेवत, आणि मग अ‍ॅप मुकं व्हायचं. रेडिओने त्यावर डोकं आपटलं. झिपरीने कुठल्या ओळीत काय बदलायचं ते दाखवलं, आणि बोट टेकताक्षणी आवाज येईल अशी सोय झाली.

दुसरी खोट अ‍ॅपमध्ये नव्हती. सासूबाई मोबाइल हातात घेत आणि चित्रं न्याहाळत. त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात सून म्हणायची, "कप, आई. तो कप दाबा. डावीकडे." सासूबाई हात मागे घेत आणि मोबाइल बाजूला ठेवून देत. रेडिओ रोज ठरवायची की आज बोलायचं नाही, आणि रोज बोलायची.

"आईचं मला काही वाटत नाही," नवरा म्हणाला. "ती दाबेल. तू गप्प बसशील का, हा प्रश्न आहे."

परीक्षेच्या दिवशी निघताना गडबड झाली. टॅक्सी दारात, काठी सापडेना, सासूबाईंचा स्वेटर उलटा घातला गेला. कसंबसं कॉलेज गाठलं. वर्गाच्या मधोमध टेबल होतं, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला सासूबाई. वर्गातली बाकी मंडळी मागे बसली होती. रेडिओने पर्स टेबलाशेजारच्या खुर्चीवर टाकली आणि भिंतीला पाठ लावली. हात मागे घेतले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, आणि ओठ मिटले.

"आजी, काय घेणार?" सरांनी विचारलं.

सासूबाईंनी मोबाइल जवळ घेतला. लांब धरला. पुन्हा जवळ घेतला. त्यांचं बोट कपावरून गेलं, पुढे सरकलं, मागे आलं. रेडिओच्या घशात शब्द येऊन उभे राहिले. कप, आई. डावीकडे. वरचाच तर आहे! तिने जीभ दातांखाली धरली. बोट टेकलं.

"माझा चष्मा कुठे ठेवलास?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. झालं, चुकीचं दाबलं. रेडिओला वाटलं, नुसतं 'आई' म्हटलं तरी त्यांना कळेल, नुसतं खाकरलं तरी. सरांचं पेन कागदाला टेकलेलं होतं.

सासूबाईंनी पुन्हा तेच दाबलं, जास्त जोरात. "माझा चष्मा कुठे ठेवलास?" आणि मान वर करून त्यांनी थेट सुनेकडे बघितलं.

तेव्हा कुठे सुनेने सासूच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. निघतानाच्या गडबडीत स्वेटर सरळ करताना तिनेच चष्मा काढला होता आणि पर्समध्ये टाकला होता. म्हातारी खरंच चष्मा मागत होती, आणि आपण 'कप, कप' म्हणून ओरडणार होतो. रेडिओचे कान तापले. तिला बोलता येईना, हातही मागे. तिने हनुवटी पर्सकडे उडवली, पुन्हा उडवली, बैलाने शिंग मारावं तशी. शेवटी झिपरी उठली, पर्स उघडली आणि चष्मा सासूबाईंच्या नाकावर ठेवला.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना कुणाची गरज उरली नाही. "चहा ठेव आता, किती वाट बघायची माणसाने?" ऐकल्यावर सर स्वतः उठून बाहेरच्या मशीनमधून चहा घेऊन आले.

"साखर घालू?"

"नको म्हटलं ना एकदा! कळत नाही का?"

सगळा वर्ग खो खो हसला, आणि सरही हसले. सासूबाईंनी मान ताठ केली. इतक्या दिवसांत त्यांच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. लोक त्यांच्या वाऱ्याला उभं राहणंही टाळत.

"आता शेवटचं," सर म्हणाले. "हे आधी ठरलेलं नाही. आजी, सुनेने हे अ‍ॅप बनवलं. तुम्हाला कसं वाटलं?"

रेडिओने डोळे मिटले. नेमकं तेच विचारलं. ती जागा रिकामी होती. छान म्हणायला चित्रच नव्हतं, कारण छान त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या. आता बोट फिरत राहील, काही सापडणार नाही, आणि सर कागदावर लिहितील की अ‍ॅप अपुरं आहे. खरंच लिहितील ते.

बोट बराच वेळ फिरलं. मग आवाज आला.

"अगं, कुठे आहेस तू?"

तिने डोळे उघडले. सासूबाई अख्ख्या वळून बसल्या होत्या, लुळा हात मांडीवर, चालतं बोट उघड्या तोंडाच्या चित्रावर. त्या भिंतीकडे बघत होत्या. मनगट आवळून, ओठ पांढरे पडेपर्यंत मिटून उभ्या असलेल्या बाईकडे, जी त्यांच्या घरात आल्यापासून एवढा वेळ कधी गप्प बसली नव्हती.

"बोल की आता! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"पास," ते म्हणाले. "ताई, चाचणी संपली. बोला आता."

रेडिओने मागचे हात सोडले. तोंड उघडलं. मागे सगळा वर्ग वाट बघत होता. झिपरीने तर डोळ्यांवरचे केससुद्धा बाजूला केले होते. पण एकही शब्द तोंडातून फुटेना. ती टेबलाजवळ गेली आणि सासूबाईंच्या स्वेटरची कॉलर उगीचच सरळ केली. कप उचलून तिने त्यांच्या डाव्या हातात दिला. दोघींचे हात कपावर थोडा वेळ तसेच राहिले.

"चहा गार होतोय, आई," एवढंच तिला म्हणता आलं.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि प्यायल्या.